हक्क मागण्याची सभ्य रीत

कोणाचेही मन न दुखावता हक्क पदरात पाडून घ्यावेत, अशी आपली इच्छा असेल तर ती स्तुत्यच आहे, आणि तिच्या पूर्तीसाठी अमेरिकेतील मॅटाशिन सोसायटीचा इतिहास आपण अवश्य अभ्यासावा. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी त्या देशात उभ्या राहिलेल्या आरंभीच्या संघटनांपैकी ही एक असून, सभ्यपणाचे प्रयोग इतक्या चिकाटीने फारच थोड्यांनी केले असतील.

चळवळ सुरू करताना ती कोणाला कळणार नाही, याची आधी काळजी घ्यावी. नोव्हेंबर १९५० मध्ये लॉस एंजेलिस येथे हॅरी हे यांच्या घरी पाच जण जमले, तेव्हा समलिंगी संबंध अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात गुन्हा होता. त्यामुळे कम्युनिस्ट पक्षात मुरलेल्या हॅरी हे यांनी संघटनेची रचनाही एका गटाला दुसऱ्या गटातील माणसे ठाऊक असू नयेत, अशीच केली. इथवर सारे ठीक होते. पण १९५२ मध्ये या पाचांपैकी डेल जेनिंग्ज यांना पोलिसांनी अश्लील वर्तनाच्या आरोपाखाली पकडले आणि सभ्यतेला पहिला तडा गेला. अशा वेळी गुन्हा कबूल करून, दंड भरून, मान खाली घालून घरी जाण्याची रीत होती. जेनिंग्ज यांनी मात्र भर न्यायालयात आपण समलिंगी असल्याचे मान्य केले, वर आरोप साफ खोटा असल्याचेही सांगितले. ज्यूरीचे एकमत होईना, अखेर खटला मागे घेण्यात आला आणि संघटनेकडे माणसांची रीघ लागली. असल्या यशापासून आपण दूर राहावे.

यशाची बाधा झालीच, तर घटना तयार करण्यासाठी अधिवेशन बोलवावे. चालती संस्था थांबवण्याचे याहून खात्रीचे साधन नाही, हे ज्यांनी आपल्याकडच्या संस्थांच्या वार्षिक सभा पाहिल्या आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. १९५३ च्या वसंतात लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये अशी अधिवेशने भरली. संस्थापकांच्या कम्युनिस्ट भूतकाळाची सभासदांना धास्ती वाटू लागली होती, त्यामुळे संस्थापक बाजूला झाले आणि सूत्रे जबाबदार मंडळींच्या हाती गेली. आपण इतरांसारखेच आहोत, समाजाशी जुळवून घेऊ, तज्ज्ञांचे ऐकू, असे नवे धोरण ठरले. त्यानुसार मनोविकारतज्ज्ञांना व्याख्यानासाठी पाचारण करण्यात येई, आणि समलिंगी असणे हा आजार असल्याचे त्यांच्यापैकी काहींनी सांगितले तरी श्रोते ते शांतपणे ऐकून घेत. सभासदसंख्या घटली, पण शिस्त वाढली. सरकारनेही दखल घेतली म्हणायची, कारण त्याच वसंतात, २७ एप्रिल रोजी, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीतून काढण्याचे कारण ठरवणाऱ्या आदेशावर सही केली.

पोशाखाकडे तर विशेष लक्ष द्यावे. हार्वर्डचे डॉक्टरेट असलेले खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी यांना लष्कराच्या नकाशा विभागाने १९५७ मध्ये नोकरीवरून काढले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण ऐकण्यासही नकार दिल्यावर त्यांनी १९६१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्याच मॅटाशिन सोसायटी नावाची संघटना स्थापन केली. १७ एप्रिल १९६५ रोजी दहा जण व्हाइट हाउससमोर फलक घेऊन फिरले. या निदर्शनांसाठी पुरुषांनी कोट-टाय घालावा, स्त्रियांनी स्कर्ट किंवा ड्रेस घालावा, फलकावरचे अक्षर नीटनेटके असावे आणि मजकूर आधी मंजूर करून घ्यावा, असा दंडक होता, कारण नोकरी मागणारा माणूस नोकरीवर ठेवण्याजोगा दिसला पाहिजे, असे कॅमेनी यांचे म्हणणे होते. (उपरोधाच्या शिस्तीत बसत नसले, तरी सांगून ठेवतो की, ओळख पटली तर भाकरी जाईल अशा दिवसांत व्हाइट हाउससमोर तोंड न लपवता फिरणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते.)

या टापटिपीचे फळही मिळाले. जून १९६५ मध्ये हेच लोक, याच पोशाखात, सरकारी नोकरभरती पाहणाऱ्या सिव्हिल सर्व्हिस कमिशनच्या दारात फिरले आणि पुढच्या वर्षी कमिशनचे अध्यक्ष जॉन मेसी यांनी त्यांना सविस्तर लेखी उत्तर पाठवले. अशा माणसांमुळे इतर कर्मचाऱ्यांना किळस वाटेल, शिवाय कार्यालयातील सामाईक शौचालये आणि न्हाणीघरे वापरताना या माणसांच्या भावना चाळवल्या जातील, ही अडचण त्यांनी त्यात मांडली. टायच्या गाठीकडे लक्ष देणारे आपण, शौचालयाचा विचार मात्र करायचे राहून गेलो, एवढाच बोध यातून घ्यावा.

तरीही आपल्यातले काही जण रस्त्यावर उतरलेच, तर त्यांना ताबडतोब समज द्यावी. जून १९६९ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये समलिंगी मंडळी जमत त्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी धाड घातली आणि गिऱ्हाइकांनी, त्यातही ज्यांना कोट-टायची ऐपत आणि हौस दोन्ही नव्हती अशांनी, उलट पोलिसांनाच आत कोंडले. त्यानंतर त्या बारच्या फळ्या ठोकलेल्या खिडकीवर, आपल्या लोकांनी रस्त्यावर शांतता राखावी, अशी मॅटाशिनच्या नावाने विनंती रंगवण्यात आली. ती कोणी मनावर घेतली नाही. वर्षभराने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून हजारोंचा मोर्चा निघाला आणि त्यात कोणी काय घालावे, हे कोणीही ठरवून दिले नव्हते.

सरकारी नोकरीवरची सरसकट बंदी कमिशनने १९७५ मध्ये उठवली. कॅमेनी यांच्या बडतर्फीबद्दल सरकारने माफी मागितली ती जून २००९ मध्ये, आणि माफीचे पत्र ज्यांच्या सहीचे होते ते संबंधित खात्याचे प्रमुख जॉन बेरी स्वतः समलिंगी होते. कॅमेनी यांनी माफी स्वीकारल्याचे तिथल्या तिथे सांगितले. काढून टाकले तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि माफी मिळाली तेव्हा ८४ वर्षांचे, त्यामुळे सभ्य मार्गानेच जायचे असेल तर अर्ज शक्य तितक्या लहान वयात करावा आणि प्रकृतीला जपावे.