एलिंग्टन बँडचा नुसता चेहरा नव्हता

‘ड्यूक एलिंग्टन म्हणजे बँडचा देखणा चेहरा. खरं संगीत बिली स्ट्रेहॉर्ननं लिहिलं आणि एलिंग्टननं त्याचं नाव दाबून ठेवलं’, असा दावा अमेरिकन जॅझ संगीतकार आणि बँडप्रमुख एलिंग्टन आणि त्याचा सहकारी स्ट्रेहॉर्न यांच्याबद्दल सध्या सर्रास फिरतो. पुरावा म्हणून ‘टेक द ए ट्रेन’ ही बँडची गाजलेली धून पुढे केली जाते. स्ट्रेहॉर्न माझा अतिशय आवडता संगीतकार आहे. पण त्याला न्याय द्यायला एलिंग्टनला लबाड ठरवावं लागत नाही.

आधी तारखा बघा. स्ट्रेहॉर्न एलिंग्टनला पहिल्यांदा भेटला तो डिसेंबर १९३८ मध्ये, पिट्सबर्गला, वयाच्या २३ व्या वर्षी. त्याच्या अकरा वर्षं आधीच एलिंग्टनचा बँड न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये वाजू लागला होता. ‘मूड इंडिगो’ १९३० ची, ‘इट डोन्ट मीन अ थिंग’ १९३२ ची, ‘सॉलिट्यूड’ १९३४ ची. हे सगळं स्ट्रेहॉर्ननं कधी लिहिलं म्हणे?

‘मूड इंडिगो’ तर नीट कान देऊन ऐका. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझच्या रिवाजात क्लॅरिनेट वर भिरभिरतं, ट्रम्पेट मधे धून धरतो आणि ट्रॉम्बोन खालची बाजू सांभाळतो. एलिंग्टननं ही उतरंड उलटी केली. वर आर्थर व्हेट्सलचा म्यूट (आवाज दबवणारं झाकण) लावलेला ट्रम्पेट. त्याला चिकटून जो नँटनचा ट्रॉम्बोन, तोही म्यूट लावून उंच पट्टीत. आणि बार्नी बिगार्डचं क्लॅरिनेट थेट खर्जात. तिघांच्या मिसळण्यातून चौथंच कुठलं तरी वाद्य वाजतंय असा भास होतो. धुनेत बिगार्डचा वाटा होता, पण हा रंग एलिंग्टनचा.

‘टेक द ए ट्रेन’ स्ट्रेहॉर्नचीच, वादच नाही. पण ते लपवलं कुणी? श्रेय त्याच्याच नावावर आहे. १९४१ च्या सुरुवातीला रॉयल्टीवरून ॲस्कॅप ही संगीतकारांची संस्था आणि रेडिओ कंपन्या यांचं फाटलं, आणि सभासदांची गाणी रेडिओवर बंद झाली. एलिंग्टन सभासद होता, स्ट्रेहॉर्न नव्हता. म्हणून स्ट्रेहॉर्न आणि एलिंग्टनचा मुलगा मर्सर यांनी नव्या धुना लिहून दिल्या, आणि ‘ए ट्रेन’ बँडची ओळख बनली.

श्रेयाची तक्रार मात्र मी झटकून टाकणार नाही. वादकांच्या धुना एलिंग्टनच्या नावावर गेल्या, मॅनेजर अर्विंग मिल्सचं नाव कित्येक गाण्यांना चिकटलं, स्ट्रेहॉर्नचंही काही ठिकाणी गळलं. हे वाईटच झालं. पण श्रेयाचा हिशेब चुकला म्हणजे एलिंग्टननं काही लिहिलंच नाही, असं होत नाही. वॉल्टर व्हॅन द लूर या डच अभ्यासकानं हस्तलिखितांतलं अक्षर तपासून कुणी काय लिहिलं ते वेगळं काढलं. त्यातून स्ट्रेहॉर्नचं काम पूर्वीच्या समजापेक्षा मोठं निघालं, आणि दोघांच्या शैलीही स्पष्ट वेगळ्या निघाल्या.

राहिला ‘नुसता चेहरा’. महायुद्धानंतर मोठे बँड भराभर मोडले, काउंट बेसीसारख्या बँडप्रमुखालाही १९५० मध्ये छोट्या संचावर यावं लागलं. एलिंग्टननं स्वतःच्या गाण्यांची रॉयल्टी ओतून वादकांचे पगार चालू ठेवले. बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारा हॅरी कार्नी १९२७ मध्ये आला, तो १९७४ मध्ये एलिंग्टनचा मृत्यू होईपर्यंत तिथेच होता. असा हुकमी आवाज वर्षानुवर्षं हाताशी असला की लिहिणारा त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहितो.

हे स्ट्रेहॉर्नला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. १९५२ मध्ये ‘डाउन बीट’ या नियतकालिकात त्यानं लिहिलं की एलिंग्टन पियानो वाजवतो, पण त्याचं खरं वाद्य म्हणजे त्याचा बँड. प्रत्येक वादक हा त्याच्यासाठी एक वेगळा रंग. ते रंग मिसळून जे तयार होतं, त्याला स्ट्रेहॉर्ननंच नाव दिलं: ‘एलिंग्टन इफेक्ट’.