रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘शुभ सकाळ’च्या फुलांमागोमाग एक मजकूर ठरलेल्या पाहुण्यासारखा येतो. त्याचं म्हणणं असं: रोज सकाळी पोट साफ झालं नाही की मळ आतड्यात सडतो, त्याचं विष रक्तात भिनतं आणि निम्मे आजार तिथूनच सुरू होतात. उपाय, उठल्या उठल्या दोन लिटर कोमट पाणी आणि रात्री ‘नैसर्गिक, निर्धोक’ चूर्ण.

‘रोज, तेही सकाळीच.’ दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा सगळा पट्टा डॉक्टर नॉर्मल धरतात. दिवसाआड जाणाऱ्याला कुंथावं लागत नसेल, खडा होत नसेल, तर त्याला काहीही झालेलं नाही. उलट रोज जाऊन अर्धा तास कुंथणारा आणि ‘अजून राहिलंय’ म्हणत उठणारा, त्याला मात्र बद्धकोष्ठता आहे.

‘विष रक्तात भिनतं.’ ही भीती शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन यांनी तिच्यापायी कितीतरी रुग्णांचं मोठं आतडंच काढून टाकलं! १९१९ साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकी डॉक्टरांनी सरळ शंका काढली: डोकं जड होणं, सुस्ती हे सगळं विषामुळे असेल, तर शौचाला होताच काही मिनिटांत हलकं कसं वाटतं? रक्तात भिनलेलं विष इतक्या झटपट उतरत नाही. तो त्रास गुदाशय ताणला गेल्याचा असतो. पुढे नुसता कापूस भरूनही तशीच लक्षणं उमटली. आतड्यात वर्षानुवर्षं मळाचा थर चिकटून राहतो असंही सांगतात, पण आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं. असा थर दुर्बिणीच्या तपासणीत दिसत नाही, आतडी धुऊन देणाऱ्यांच्या जाहिरातीत दिसतो.

‘दोन लिटर पाणी.’ पाणी खरंच कमी पडत असेल तर उपयोग होतो. एरवी जादा पाणी लघवीवाटे जातं, आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते महागात पडू शकतं. चहा-पाण्यानंतर कळ येते ती पोटात काही पडलं की मोठं आतडं चाळवतं म्हणून. न्याहारीनंतरही येते.

ती कळ आपण दाबतो, आणि इथे खरी कारणं सुरू होतात. एस.टी.चा प्रवास, शाळेतला घाणेरडा संडास, सकाळची लोकल. मळ थांबला की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो, दुखतं, म्हणून मूल पुन्हा दाबून धरतं. शेवटी ताणलेल्या गुदाशयाला कळेचीच जाणीव कमी होते. खाण्यात भाजी, डाळी, फळं कमी असणं हे कारण सगळ्यांना ठाऊक असतं. औषधांकडे मात्र कुणी बघत नाही. माझी मावशी वर्षभर चूर्णं बदलत होती. दोष निघाला रोजच्या लोहाच्या गोळीचा. कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, नैराश्यावरचं ॲमिट्रिप्टिलिन, रक्तदाबावरचं व्हेरापामिल, सगळी त्याच माळेतली. शिवाय मंदावलेलं थायरॉइड, मधुमेह, पार्किन्सन म्हणजे कंपवात. काहींचे तर जोर करताना सैल पडायचे स्नायूच आवळतात. त्यांचा इलाज स्नायूंना वळण लावण्याचा आहे, चूर्णाचा नाही.

‘चूर्ण नैसर्गिक, म्हणून निर्धोक.’ अशा कितीतरी चूर्णांत सोनामुखी ही रेचक वनस्पती असते. ती खरं औषध आहे, म्हणूनच पोटात मुरडाही येतो आणि अति घेतल्यास जुलाबांतून पोटॅशियम घसरतं. ‘सवय लागून आतडी कायमची निकामी होतात’ हा उलटा मजकूरही फिरतो. त्यालाही भक्कम पुरावा नाही. इसबगोल वेगळं: ते पाणी धरून मळ मऊ करतं, पण भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचं. कोरडं गिळलं तर घशात अडकतं.

ग्रुपवरच्या त्या मजकुरात एक ओळ हवी होती, ती नाही. पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडू लागलं, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर ‘मूळव्याधच असेल’ असं घरीच ठरवून चूर्ण घेत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर त्याच तासाला.