उतारावरचे अपघात गिअर छाटून थांबणार नाहीत

डोंगराळ भागातल्या सायकल शर्यतीत सगळ्यात धोक्याचा चढ कुठला? १८-२० टक्क्यांचा उभा नव्हे. चार-पाच टक्क्यांचा, सोपा वाटणारा. सायकलच्या गिअरवर मर्यादा घालून शर्यत सुरक्षित करू पाहणाऱ्यांनी आधी एवढं लक्षात घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

स्पेनच्या बास्क प्रदेशातली इट्झुलिया ही सायकल शर्यत घ्या. एप्रिलच्या सुरुवातीचे सहा दिवस, अरुंद रस्ते, छोटे पण उभे चढ, आणि एक उतार संपतो न संपतो तोच पुढचा चढ. २० टक्क्यांवर जगातले उत्तम सायकलपटूही ताशी १० किलोमीटरवर येतात. पुढे पायडलजवळ ४० दातांचं चक्र (चेनरिंग), मागे ३४ दातांचं चक्र, तरी पायडलचे मिनिटाला ६५-७० फेरेच होतात. एवढ्या कमी वेगाला पुढच्याच्या मागे राहून वारा चुकवण्याचा, म्हणजे आडोशाचा, काही उपयोग नसतो. ज्याच्या पायात जोर तो पुढे जातो, बाकीचे मागे पडतात. माथा येईपर्यंत घोळक्याच्या दोन-दोन, तीन-तीनच्या तुकड्या झालेल्या असतात. मग उतारावर प्रत्येकाला समोरचा रस्ता दिसतो, वळणात आपली रेषा आपल्याला धरता येते.

सौम्य चढावर यातलं काहीच होत नाही. वेग जास्त, आडोसा भरपूर, म्हणून घोळका जवळजवळ अखंड माथ्यावर पोचतो. उतार लागण्याआधी पहिल्या दहा-पंधरात घुसायची झुंबड उडते, कारण मागे राहिलं तर प्रत्येक वळणावर ब्रेक आणि प्रत्येक वळणानंतर पुन्हा जोर. खांद्याला खांदा लावून ७० च्या वेगाने उतरताना मागच्याला दिसतं ते फक्त पुढच्याचं चाक. रस्त्यावरचा उंचवटा दिसत नाही, दिसला तरी बाजूला सरायला जागा नसते.

४ एप्रिल २०२४ ला चौथ्या टप्प्यात हेच झालं. ओलाएताचा चढ इट्झुलियाच्या मानाने सौम्य. त्याच्या उतारावर, शेवटाला साधारण ३६ किलोमीटर उरले असताना, उजव्या वळणावर पुढचे बरेच जण एकदम बाहेर फेकले गेले. झाडांच्या मुळांनी डांबर उचललेलं, रस्त्याला लागून काँक्रीटचं गटार, पलीकडे दगड आणि झाडं. पडलेल्यांत जगातले आघाडीचे सायकलपटू होते. योनास व्हिंगेगार्डचं गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. रेम्को एव्हेनपूलच्याही खांद्याची हाडं मोडली. जे व्हाइनच्या मानेचे आणि पाठीचे मणके फ्रॅक्चर झाले. प्रिमोझ रोग्लिचने शर्यत सोडली. रुग्णवाहिका जखमींमध्ये गुंतल्यामुळे मुख्य घोळका थांबवला आणि टप्प्याचा निकाल आधीच पुढे निसटलेल्या सहा जणांत लागला.

यानंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने पुढे आणलेला एक उपाय म्हणजे गिअरवर मर्यादा: पुढे ५४, मागे ११ दात, याहून मोठा गिअर नाही, म्हणजे पायडल मारून फार वेग गाठता येऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनमधल्या टूर ऑफ ग्वांगशीत चाचणी ठरली होती. मागे १० दातांचं चक्र देणाऱ्या स्रॅम कंपनीने तक्रार केली आणि बेल्जियममध्ये बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाने ती चाचणी थांबवली.

हिशेब करून बघा. ५४-११ ला एका फेऱ्यात सायकल सुमारे १०.४६ मीटर जाते. मिनिटाला १०० फेरे म्हणजे ताशी ६३, १२० फेरे म्हणजे ७५. आणि तीव्र उतारावर ८० च्या वेगाला पायडल मारावंच लागत नाही, अंग आवळून बसलं की गुरुत्वाकर्षण पुरतं. वेग घातक असतो हे अगदी खरं, ६० वरून ७० वर गेलं तर थांबायला सुमारे ३६ टक्के जास्त अंतर लागतं. पण हा नियम उतारावरचा तो वेग कमी करतच नाही. धोकादायक वागणाऱ्याला ताकीद देणारी, २०२५ पासून लागू झालेली पिवळी कार्डं मात्र योग्य वाटतात, निदान घुसाघुशीला चाप बसतो.

खरं काम मार्ग आखणाऱ्यांचं आहे. अरुंद, वळणदार उतार घ्यायचाच असेल तर त्याआधी घोळका फोडणारा चढ ठेवा. पाहणी मोटारीतून करू नका. मुळांनी उचललेलं डांबर मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये जाणवत नाही, सायकलवरून त्याच वेगाने उतरणाऱ्या माणसालाच कळतं. ती पाहणी रस्ता दुरुस्त करायला वेळ उरेल इतकी आधी करा, आणि शर्यतीच्या सकाळी पुन्हा. उंचवटे खरवडून काढा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं गटार झाका, झाडांना आणि दगडांना जाड गाद्या लावा. धोक्याची सूचना देणारा निशाणवाला वळणावर नको, त्याच्या शंभर-दीडशे मीटर आधी उभा करा, ७० च्या वेगाला ते अंतर पाच ते आठ सेकंदांत संपतं.

जानेवारी २०२६ मधल्या पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीनंतर हा विषय आपल्याही दारात आला आहे. आपल्या घाटांत डोंगराच्या बाजूला उघडं गटार असतं आणि पावसाळ्यात वाहून आलेली खडी वळणांवर साचते. नवं डांबर टाकलं की काम झालं असं समजू नये. गटारावर झाकणं आणि शर्यतीच्या दिवशी पहाटे घाट झाडून घेणं, या दोन गोष्टी डांबराच्या निविदेतच लिहिलेल्या हव्यात.