घर कुणाला लागावं हे शेजाऱ्यांनी ठरवायचं का?

जून २०२४ मध्ये बडोद्याच्या हरणी भागातल्या मोतनाथ रेसिडेन्सीची बातमी देशभर गेली. मुख्यमंत्री आवास योजनेखाली महानगरपालिकेने बांधलेली ही ४६२ घरांची वसाहत. २०१७ साली सोडतीत एका मुस्लिम बाईंना तिथे घर लागलं. साऱ्या वसाहतीत मुस्लिम त्या एकट्याच. काही रहिवाशांनी आधी निवेदनं दिली, मग निदर्शनं केली. मागणी एकच: यांचं घर रद्द करा, दुसरीकडे कुठेतरी द्या. घर लागून सात वर्षं झाली तरी त्या बाई तिथे राहायला गेलेल्या नव्हत्या.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले आणि आता बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात राहते. गृहकर्जाच्या अर्जांची छाननी हे माझं काम. ही बातमी आली तेव्हा घरच्यांशी, शाळेतल्या मैत्रिणींशी फोनवर बोलणं झालं आणि बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला: तुमच्या अमेरिकेत काळे एकीकडे, गोरे दुसरीकडे असंच राहतात ना? मग आम्ही वेगळं काय करतोय?

प्रश्न रास्त आहे. राहतात, अगदी तसेच राहतात. पण ते तसे का राहतात हे इथल्या रस्त्यांवरून रोज जाता-येताना मला दिसतं, आणि म्हणूनच बडोद्याची मला जास्त काळजी वाटते.

माझ्या घराजवळच रॉक्सबरी हा भाग लागतो. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे काढले आणि कर्ज देणं जिथे धोक्याचं, असे भाग लाल रंगाने रंगवले. काळ्यांची आणि गरीब स्थलांतरितांची वस्ती असली की रंग लाल. रॉक्सबरीचा मोठा भाग त्यात गेला. कर्ज मिळेना म्हणून घरं विकली जाईनात, डागडुजी होईना, ज्यांना जमलं ते गोरे निघून गेले. १९८० च्या सुमारास डडली स्ट्रीटच्या परिसरात विम्याच्या पैशांसाठी मालकच घरं जाळत होते. जवळजवळ १३०० भूखंड ओसाड पडले होते आणि बाहेरच्यांनी तिथे बांधकामाचा राडारोडा, कुजलेलं मांस, जुन्या गाड्या आणून टाकायला सुरुवात केली होती. त्या काळातली माणसं अजून तिथे राहतात. उन्हाळ्यात त्या कचऱ्याचा वास घरभर कसा भरायचा, हे ती आजही सांगतात. तेव्हा लोक आपापल्या आवडीने वेगळे राहिले ही समजूत खरी नाही. नकाशा, बँक आणि महापालिका यांनी मिळून त्यांना वेगळं केलं.

मग १९८४ मध्ये तिथल्या लोकांनी डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह ही संस्था उभी केली. सुरुवातीला मदत करू पाहणाऱ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी कार्यकारिणीचा आराखडा आणला, त्यात रहिवाशांच्या वाट्याला मोजक्याच जागा होत्या. भरसभेत लोकांनी विचारलं, तुमच्यापैकी इथे राहतं कोण? आराखडा बदलावा लागला. रहिवाशांचं बहुमत झालं आणि काळे, केप व्हर्डियन (केप व्हर्ड बेटांवरून आलेले), लॅटिनो आणि गोरे या चारही समाजांना सारख्या जागा मिळाल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात नव्हे, सारख्या. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण त्याने कुणाची भीती खरी आणि कुणाची खोटी हा वादच बाजूला ठेवला. जो इथे राहतो त्याला खुर्ची, बस्स.

१९८८ मध्ये बॉस्टन शहराने या संस्थेला त्या परिसरातल्या ओसाड जमिनींच्या भूसंपादनाचा अधिकार दिला. अमेरिकेत एखाद्या वस्तीच्या संघटनेला असा अधिकार मिळाल्याचं हे पहिलं उदाहरण. जमीन संस्थेने काढलेल्या ट्रस्टच्या नावावर गेली. घर रहिवाशाच्या मालकीचं, खालची जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. घर विकता येतं, पण ठरलेल्या सूत्राने, म्हणजे पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. एका जुन्या गॅरेजच्या जागी हरितगृह झालं, बागा झाल्या, मैदानं झाली. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत घरांवर जप्तीची लाट आली, तेव्हा देशभरच्या अशा जमीन-ट्रस्टांच्या घरांत जप्तीचं प्रमाण बाजाराच्या मानाने फार कमी राहिलं. कर्जाच्या धंद्यात असल्यामुळे मी हे खात्रीने सांगते: घर टिकतं ते पगाराच्या आकड्यावर जितकं, तितकंच अडचणीच्या महिन्यात पाठीशी कोण उभं आहे यावर.

याचा अर्थ बॉस्टनने सगळं सोडवलं असा नाही. २०१५ मध्ये बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात या महानगरातल्या गोऱ्या कुटुंबांची कर्ज वजा जाता मध्यक मालमत्ता २,४७,५०० डॉलर निघाली आणि इथल्याच मूळच्या काळ्या कुटुंबांची ८ डॉलर. आठ हजार नव्हे, आठ. घरांमधला दोन-तीन पिढ्यांचा भेदभाव असा आकड्यात उतरतो. आणि आजही, रेल्वेलगतच्या गावांनी बहुमजली घरांना जागा द्यावी असा मॅसॅच्युसेट्सचा २०२१ चा कायदा आहे, त्याविरुद्ध शेजारच्या मिल्टन गावाने २०२४ मध्ये मतदान केलं. गावाचं स्वरूप बदलेल, शाळांवर ताण येईल, ही तिथली भाषा. हरणीतली भाषा मला ओळखीची वाटली ती यामुळेच.

आता बडोद्याकडे येते. आमच्याकडे अशांत धारा म्हणून कायदा आहे. १९८५ च्या अहमदाबादच्या दंगलींनंतर १९८६ मध्ये तो पहिल्यांदा आला आणि १९९१ मध्ये सध्याच्या रूपात झाला. ‘अशांत’ म्हणून जाहीर झालेल्या भागात स्थावर मालमत्ता विकायची तर कलेक्टरची परवानगी लागते. मूळ हेतू चांगलाच होता. दंगलीच्या धाकाने माणसं राहती घरं मातीमोल भावात विकून पळत होती, ते थांबवायचं होतं. बडोद्याने दंगली पाहिल्या आहेत. २००२ मध्ये हनुमान टेकडीची बेस्ट बेकरी जाळली गेली, त्यात १४ माणसं गेली. ज्यांनी त्या रात्री काढल्या त्यांच्या भीतीला मी उडवून लावणार नाही, मग ती भीती शहरातल्या पाणीगेट भागातली असो की वाडी भागातली. पण धाकाने होणारी विक्री रोखायला केलेला कायदा आज राजीखुशीने होणारी विक्री अडवायला वापरला जातो. हिंदू मालक विकायला तयार, मुस्लिम गिऱ्हाईक घ्यायला तयार, आणि शेजारी कलेक्टरकडे हरकतीचा अर्ज घेऊन जातात.

यात नुकसान पैशांचंही आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मुस्लिम कुटुंब चांगलं कमावतं झालं तरी तांदळजासारख्या ठरावीक भागांतच घर शोधतं, म्हणून तिथले भाव चढतात आणि गल्ल्या दाटतात. दुसरीकडे विकणाऱ्या हिंदू मालकाला कित्येक गिऱ्हाइकं बंद. त्यात कर्जाचा प्रश्न. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग ‘नकारात्मक’ ठरवून ठेवले होते, तिथे कर्ज सहज मिळत नव्हतं. अमेरिकेने लाल रंग लावून जे केलं तेच हे, फक्त नकाशा भिंतीवर टांगलेला नाही. पन्नास वर्षांनी त्याची मालमत्तेतली तफावत मोजायची वेळ बडोद्यावर यावी असं मला वाटत नाही.

गंमत नव्हे, दुःख हे आहे की व्यापारात हे शहर अजून एकत्र आहे. उत्तरायणाचा पतंग, मंगळ बाजारातली खरेदी, गाडीची दुरुस्ती, यांत कुणी कुणाला धर्म विचारत नाही. ज्याच्या दुकानात आपण निर्धास्त जातो तो संध्याकाळी आपल्या जिन्यावर नको, हे कशाच्या आधारावर?

मला बोलायचं आहे ते मुख्यतः बडोद्याच्या मराठी माणसांशी. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी म्हणून एका महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर केवढा संताप होता! तो योग्यच होता. मग हरणीच्या वेळी आपण गप्प का राहिलो? आपण गायकवाडांबरोबर आलेली माणसं, गुजराती शहरातले अल्पसंख्य. या शहराने आपल्याला रावपुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात घरं दिली, शाळा दिल्या, गणपती वाजतगाजत नेऊ दिले.

आणि याच शहराने एकदा एका माणसाला घर नाकारलं, त्याची खूण आपल्याकडे जपलेली आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकून १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत उतरले, तिथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. हिंदू मित्राने असमर्थता सांगितली, ख्रिस्ती मित्रानेही. मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत झाडाखाली काढले. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली होती, असं त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. महाराजांचा पैसा होता, दरबारची नोकरी होती, आणि तरीही शेजारी ‘नाही’ म्हणाले तेवढ्याने ते सगळं फोल ठरलं. त्याच जागेच्या आठवणीत उभ्या असलेल्या संकल्पभूमीवर आज आपण फुलं वाहतो. हरणीची सोडत हा तोच प्रश्न आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनाही सांगायचं आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, इथे घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. आपलं आडनाव, रंग, धर्म पाहून घरमालक आज आपल्याला नकार देऊ शकत नाही, ते काळ्यांनी दिलेल्या लढ्यामुळे. त्या कायद्याच्या छायेत घर घ्यायचं आणि बडोद्यातल्या सोसायटीच्या हरकतीच्या पत्राला फोनवरून पाठिंबा द्यायचा, हे मला सहन होत नाही. भारतात खासगी सोसायट्यांना ढाल मिळालेली आहे. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपनियम मान्य केला. हा निकाल बदलावा किंवा संसदेने कायदा करावा असं माझं ठाम मत आहे. पण सरकारी पैशाने बांधलेल्या घरांना तर ती ढालही लागू नाही. तिथे सोडत लागली की महापालिकेने त्या माणसाला किल्ली द्यावी, पोलीस बंदोबस्तात द्यावी लागली तर तशी द्यावी, आणि विषय संपवावा.

बडोद्याला पुढचं काम करायला परदेशातून नमुना आणायची गरजही नाही. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथे अन्योन्य सहाय्यकारी मंडळी सुरू केली, ती देशातली पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे आपली माणसं पंधरा वर्षं पुढे होती. ओळखीच्या माणसांनी एकमेकांच्या भरवशावर पैसा उभा केला. पुढे बँक झालेली ती संस्था आज नाही. पण तशी संस्था पुन्हा काढायची तर सभासदत्व जातीवर किंवा भाषेवर न ठेवता वॉर्डवर ठेवावं: वाडीतला मराठी कारकून, फतेहपुऱ्यातला मुस्लिम गॅरेजवाला, नवापुऱ्यातली भाजीवाली एकाच वहीत. कर्जाला जामीन राहिलेला माणूस सहसा शेजारी नको म्हणत नाही.

जमिनीचंही तसंच. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात प्रत्येक टी.पी. स्कीममध्ये (नगररचना योजनेत) दहा टक्क्यांपर्यंत जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखता येते. हरणी, वाघोडिया रोड, भायली, जिथे जिथे शहर वाढतंय तिथे ही जमीन महापालिकेच्या हाती येते. तिच्यातला एक भूखंड विकासकाला न देता रहिवाशांच्या ट्रस्टला ९९ वर्षांच्या पट्ट्यावर द्यावा, आणि ट्रस्टच्या कार्यकारिणीत तिथे राहणाऱ्या प्रत्येक समाजाला सारख्या जागा ठेवाव्यात. एका वॉर्डात करून बघावं. आपल्या मराठी मंडळांकडे सभागृहं आहेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत, हिशेब चोख ठेवणारी माणसं आहेत. पहिली सभा तिथे भरू शकते, आणि त्या सभेला मोतनाथ रेसिडेन्सीतल्या बाईंना आणि त्यांच्याविरुद्ध सह्या करणाऱ्यांना, दोघांनाही बोलावणं जायला हवं.