वर्गाच्या ग्रुपवरचे स्टिकर

इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या फोटोचे वर्गातल्याच मुलांनी व्हॉट्सॲप स्टिकर केले आणि दोन महिने ते ग्रुपवर जो तो वापरत राहिला. आठवीतली ही मुलगी पोट दुखते म्हणून शाळा बुडवू लागली, तेव्हा कुठे घरात हे कळले. ताई आणि भाऊजी शाळेत गेले, तर ‘हे शाळेच्या वेळेत घडलेले नाही’ असे उत्तर मिळाले. आणि पोलिसांत जावे, तर समोर तेरा-चौदा वर्षांची पोरे, त्यांतली दोन याच इमारतीतली.

असे काही कानावर आले की ‘कडक कायदा करा’ ही मागणी होते. ऑनलाइन त्रासदायक मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे, माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. ‘त्रासदायक’ या एका शब्दात कोणालाही अडकवता येईल इतके ते सैल असल्यामुळे तो निर्णय मला योग्यच वाटतो. उरलेल्या कायद्यांत खासगी अवयवांचे चित्रण, तोतयेगिरी करून केलेली फसवणूक, पाठलाग, धमकी हे सारे गुन्हे आहेत, पण चिडवण्यासाठी केलेले साधे स्टिकर त्यांत सहसा बसत नाही. शिवाय प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलेच, तरी २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळ समज देणे, समुपदेशन, समाजसेवा असेही उपाय सांगू शकते. म्हणजे जे काम शाळेला पहिल्याच आठवड्यात करता आले असते, तेच.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांना बंदी केली, तशीच आपल्याकडेही हवी, असे अनेकांचे म्हणणे आहे. मात्र त्या बंदीतून व्हॉट्सॲपसारखी संदेशसेवा वगळलेली आहे, आणि आमच्याकडे तर लॉकडाऊनपासून गृहपाठसुद्धा व्हॉट्सॲपवरच येतो!

शाळांत होणारे शिक्षण म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या मुलांना सभागृहात बसवून दिलेले व्याख्यान, आणि त्यातही बराच वेळ ओटीपी सांगू नका यावर, जी खरे तर आईवडिलांची अडचण आहे. माझ्या भाचीला स्टिकर करणाऱ्या तिघांपेक्षा त्यावर हसण्याचे इमोजी टाकणाऱ्या मैत्रिणी अधिक लागल्या. बघ्यांनी काय करायचे, ग्रुप न सोडताही ‘हे काढ’ कसे म्हणायचे, पुरावा पुसण्याआधी स्क्रीनशॉट कोणाकडे द्यायचा, हे वर्गात, तीस-चाळीस मुलांसमोर, वर्गशिक्षकांनीच पुन्हापुन्हा बोलायला हवे.

राज्य शासनाने मार्च २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या स्थापण्याचा निर्णय काढला. नवी यंत्रणा उभारण्यापेक्षा मोबाइलवरील छळाची तक्रार याच समितीने घ्यावी, ती शाळेच्या वेळेबाहेरची असली तरी घ्यावी, आणि दोन दिवसांत दोन्ही घरच्यांशी स्वतंत्रपणे बोलावे, एवढे लेखी ठरले तरी पुष्कळ होईल. ताईने मागच्या पालकसभेत आपल्या शाळेतील या समितीची शेवटची बैठक कधी झाली, असे विचारले. विचारून सांगतो, असे सर म्हणाले. त्यालाही आता तीन आठवडे झाले.