दुआ अर्धी कापून कुणाला पाठवताय?

आज सकाळी जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने घरातून बाहेर पडतानाची दुआ टाकली. गुलाबाची फुलं, हिरवा घुमट आणि मजकूर एवढाच: "या अल्लाह, माझ्यावर जुलूम होण्यापासून मला वाचव." मस्जिदीच्या हिशोबावरून भांडण पेटलेलं असताना ती कुणासाठी होती हे शेंबड्या पोरालाही कळलं. थोड्या वेळाने समोरच्या गटाने तीच इमेज परत टाकली. दुआ म्हणजे काय दगड आहे, एकमेकांवर भिरकवायला?

पूर्ण दुआ वाचा: अल्लाहुम्म इन्नी अऊज़ु बिक अन अदिल्ल औ उदल्ल, औ अज़िल्ल औ उज़ल्ल, औ अज़्लिम औ उज़्लम, औ अज्हल औ युज्हल अलय्य.

अबू दाऊदच्या हदीससंग्रहात पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा (रजि.) सांगतात की हुजूर (सल्ल.), म्हणजे पैगंबर, त्यांच्या घरातून निघताना आभाळाकडे नजर करून हे म्हणत. यात चार जोड्या आहेत. मी भरकटू नये, मला कुणी भरकटवू नये. माझा पाय घसरू नये, कुणी घसरवू नये. मी कुणावर जुलूम करू नये, माझ्यावर होऊ नये. मी कुणाशी अडाण्यासारखं वागू नये, माझ्याशी कुणी वागू नये. प्रत्येक जोडीत आधी 'मी' आहे! आणि सकाळच्या इमेजमध्ये नेमका तोच गायब.

हे होतं कसं, तेही सांगतो. अज़्लिम आणि उज़्लम अरबीत लिहिताना अक्षरं तीच, फरक फक्त स्वरखुणांचा: जबर म्हणजे 'अ', जेर म्हणजे 'इ', पेश म्हणजे 'उ'. अलिफवर जबर आणि लामखाली जेर असेल तर 'मी जुलूम करीन', अलिफवर पेश आणि लामवर जबर असेल तर 'माझ्यावर होईल'. पहिल्या तिन्ही जोड्यांचं असंच आहे. जबर-जेर-पेश उडाले की शब्द चुकून दोनदा छापलाय असं वाटतं, आणि कुणीतरी एक खोडून टाकतो. दुसरा घोळ उच्चाराचा. ज़्वाद, ज़े, ज़ोय ही तिन्ही अक्षरं या दुआत आहेत आणि उर्दूच्या सवयीने तिन्हींचा 'ज़' होतो, मग भरकटणं आणि घसरणं एकच होऊन बसतं. मी वर 'द' लिहिलाय तो ज़्वादच्या जागी, पण तोही खरा आवाज नव्हे. देवनागरीवरून पाठ करूच नका. कुरआन तोंडपाठ असलेल्या हाफिजसाहेबांसमोर बसा, त्यांच्या तोंडून ऐका, मग म्हणून दाखवा.

तिर्मिजीच्या हदीससंग्रहात हीच दुआ 'आम्ही' म्हणून आली आहे. कमिटीच्या मिटिंगला ती घ्या, सगळ्यांनी मिळून.

मान्य, ज्याच्यावर जुलूम झाला त्या मजलूमाला गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे. त्याच्या दुआच्या आणि अल्लाहच्या मध्ये पडदा नसतो, हे हुजूरांनी आपले साथी मुआज (रजि.) यांना येमेनला धाडताना बजावलं होतं. पण तो इशारा जुलूम करणाऱ्याला होता. आणि सकाळच्या भांडणात दोन्ही गट स्वतःलाच मजलूम म्हणवतात, त्याचं काय?

लिहिता लिहिता राग ओसरला, आता वाईटच वाटतंय. मदिनेत बनू मुआवियाची मस्जिद आहे, आज तिला मस्जिदुल इजाबा म्हणतात. तिथे हुजूरांनी दोन रकात नमाज पढून लांबलचक दुआ मागितली. मुस्लिम शरीफ या हदीससंग्रहात आहे: उम्मत, म्हणजे सगळा मुस्लिम समाज, दुष्काळाने संपू नये, हे मिळालं. बुडून संपू नये, हेही मिळालं. आपसात लढू नये, हे मात्र मिळालं नाही. म्हणजे हे काम आपल्या अंगावर आहे, इमेज टाकून ते होणार नाही. मनातल्या किल्मिषासाठी कुरआनातल्या सूरा हश्रची दहावी आयत आहे, 'रब्बनग़्फ़िर लना'पासून. ज्याच्याशी वाकडं आहे त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून ती म्हणा.

सकाळच्या दोघांनाही सांगणं आहे, इमेज काढा, पूर्ण दुआ टाका. तीन दिवसांहून जास्त अबोला हलाल नाही, आणि आधी सलाम करणारा बेहतर. सोमवारी आणि गुरुवारी अल्लाहकडून माफी मिळते तेव्हा ज्या दोघांत वैर आहे त्यांचं प्रकरण समेट होईपर्यंत बाजूला ठेवलं जातं. उद्या गुरुवार आहे, फोन आजच करा.