मांजराला अर्धी गोळी देऊ नका: ‘सात रामबाण उपायां’ना उत्तर

‘मांजराला लागलंय? डॉक्टरची गरजच नाही! सात रामबाण घरगुती उपाय’ अशा मथळ्याचा मजकूर सध्या कोल्हापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. परवा तो माझ्या मावशीकडे पोचला. ती गगनबावड्याच्या वाटेवर राहते. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी चढलं की तिचा शहराशी संबंध तुटतो. अशात तिचा बोका दुसऱ्या बोक्याशी भांडून मानेला दात लागून घरी आला. तिनं मला फोन करून विचारलं, “अगं, डोलोची अर्धी द्यायची का पाव? यात नीट लिहिलेलं नाही.” तिनं आधी विचारलं म्हणून बोका आज हिंडतो-फिरतो आहे. न विचारता गोळी देणारे पुष्कळ असतील, म्हणून हे लिहिते.

मजकुरातले सात उपाय असे. एक, जखम डेटॉलनं धुवा. दोन, हळद आणि खोबरेल तेल भरा. तीन, दुखत असेल तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून द्या. चार, सूज असेल तर गूळ-चुन्याचा लेप लावा. पाच, अळ्या पडल्या तर फिनाईल ओता किंवा डांबरगोळीची पूड टाका. सहा, जखम बांधू नका, मांजर चाटून स्वतःच बरं करतं. सात, मांजराला रेबीज होत नाही, तेव्हा औषध लावताना चावलं किंवा ओरबाडलं तर घाबरू नका.

यातल्या तिसऱ्यानं मांजर मरेल आणि सातव्यानं माणूस. म्हणून या दोहोंवर जास्त लिहिणार आहे.

तिसरा आधी. ज्यानं कुणी हा उपाय लिहिला त्यानं मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस असं धरलं आहे. माणसाला एक, तर मांजराला अर्धी. पण इथे प्रश्न आकाराचा नाहीच. आपण पॅरासिटामॉल घेतलं की आपलं यकृत त्याच्या बऱ्याच भागाला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. ही जोडणी करणारं विकर (एन्झाइम) मांजराकडे नाही. मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट या संशोधकांनी २००० साली त्याचं कारण जनुकापर्यंत जाऊन शोधलं. यूजीटी१ए६ नावाचं जनुक मांजरात आहे, पण मोडलेलं, त्यावरून विकर तयारच होत नाही. २०११ साली पुढचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात मार्जार कुळातल्या तपासलेल्या सगळ्या जातींत हाच दोष सापडला. पिढ्यान् पिढ्या निव्वळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतली विषं पचवावी लागली नाहीत, म्हणून ते विकर गेलं तरी काही अडलं नाही, असा संशोधकांचा तर्क आहे. अडतं ते आपण गोळी देतो तेव्हा.

निघून जायला वाट नसलेलं औषध मग दुसऱ्या मार्गानं जातं आणि त्यातून विषारी पदार्थ तयार होतो. मांजराच्या तांबड्या पेशी त्याच्यापुढे फार नाजूक. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन असं बदलतं की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसू लागतं, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, मांजर धापा टाकतं. श्वास चालू असतो, छाती हलत असते, आणि तरीही शरीर गुदमरत असतं. हे काही तासांत सुरू होतं.

आता मावशीच्या प्रश्नाचं गणित. किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनंही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय ग्रंथांत आहेत. बोका चार किलोचा. डोलो म्हणजे ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. तिची अर्धी गोळी म्हणजे ३२५ मिलिग्रॅम, किलोमागे ८० च्या वर. पाव गोळी म्हणजे किलोमागे ४०. दोन्ही विषच. “मग लहान मुलांचं सिरप देऊ का, ते सौम्य असतं,” असंही लोक विचारतात. ५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचा एक चमचा दिला तरी किलोमागे ६० च्या वर जातं. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन असतं आणि तेही मांजराला घातक. डायक्लोफिनॅकही नको. माणसांच्या औषधांच्या डब्यात मांजराला घरच्या घरी देण्याजोगी एकही वेदनाशामक गोळी नाही. मांजरांसाठीची वेदनाशामकं असतात, पण ती पशुवैद्य वजन बघून, मोजून देतो.

आणि चुकून गोळी गेलीच असेल, तर लक्षणांची वाट बघत बसू नका. एन-असिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा आहे, माणसांतल्या पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरही तोच वापरतात. तो जितक्या लवकर मिळेल तितकी आशा जास्त. पशुवैद्याला फोन लावल्यावर पहिलं वाक्य “पॅरासिटामॉल दिलंय, इतकं आणि इतक्या वाजता” हेच असायला हवं. लाजेपोटी हे लपवणारे लोक असतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

डेटॉल आणि फिनाईल यांचा दोषही इथूनच निघतो. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल हे फिनॉलच्या घराण्यातलं, आणि फिनॉल निकामी करायलाही यकृताला तीच जोडणी लागते. “पण आम्ही ते पोटात कुठे देतोय, वरून तर लावतोय,” असं कुणी म्हणेल. मांजराच्या बाबतीत आत आणि वर असा फरक राहत नाही. कातडीवर लावलेलं थोडं कातडीतून शिरतं आणि उरलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. या मजकुरातले चार उपाय लावण्याचे आहेत आणि एकाही ठिकाणी ‘चाटलं तर काय’ हा विचार नाही. डांबरगोळीतलं नॅप्थलिनही तांबड्या पेशींवरच घाव घालतं. अळ्यांच्या जखमेवर रॉकेल आणि टर्पेंटाईन ओतणारेही आहेत. जिवंत मांसावर ते ओतल्यावर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात घरोघरी गोठा, म्हणून आणखी एक गोष्ट इथेच सांगते. गोचिडांसाठी आणलेलं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन मांजराला लावू नका. म्हशीला चालतं ते मांजराला चालत नाही. अंगाला कंप सुटतो, झटके येतात, मांजर दगावतं. अळ्या पडलेली जखम किरकोळ नसतेच. दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्यानं काढाव्यात, मिठाच्या पाण्यानं धार मारून धुवावं आणि मिळेल त्या वाहनानं डॉक्टर गाठावा.

हळदीचं म्हणाल तर तिच्यात जंतुरोधक गुण आहेत, हे मान्य. हळद विषही नाही. सांगलीच्या पेठेजवळ राहून मी हळदीला नावं ठेवणार नाही. पण बाजारातली पूड निर्जंतुक नसते, तेलात कालवून भरली की तिचा लगदा होऊन जखमेवर बसतो, आत पू झाला तर त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. शिवाय सगळंच पिवळं झाल्यावर कडेची लाली वाढते आहे का, हे कळायचं कसं? गूळ-चुन्याबद्दल इतकंच, की चुना कातडी भाजतो आणि चाटल्यावर जीभही. गुळाला मुंग्या लागतात. माणसाच्या मुरगळलेल्या पायाला लावायचा तर लावा.

सहावा उपाय अर्धा खरा आहे. लहान जखम बांधायची नसते, हे बरोबर. मांजराला पट्टी ठेवायला आवडत नाही, घट्ट बसली तर रक्तपुरवठा तुटतो, आणि झाकलेली ओली जखम पावसाळ्यात लवकर सडते. पण चाटण्यानं बरं होतं हे साफ खोटं. मांजराची जीभ काट्यांची असते, ती नवीन भरत आलेली कातडी खरवडून काढते. आणि मांजराच्या तोंडात पाश्चरेला नावाचे जंतू बहुतेकदा वस्तीला असतात.

या जंतूंमुळेच मावशीच्या बोक्यासारखी जखम सगळ्यात फसवी. बोक्यांच्या भांडणात सुळा सुईसारखा खोल शिरतो. वर बारीकसं भोक दिसतं, तेही एका दिवसात बुजतं, आणि आपण म्हणतो बरं झालं. जंतू मात्र आत कोंडलेले राहतात. दोन-चार दिवसांनी तिथे गरम, ठणकणारी गाठ येते, मांजर खायचं सोडून कोपऱ्यात बसतं, मग गळू फुटून घाण वास येतो. लांबलचक ओरखडा बघून आपण घाबरतो, पण तो वरच्यावर असतो आणि धुवून बरा होतो. घाबरायचं ते त्या बारीक भोकाला. त्याला बहुतेक वेळा प्रतिजैविक लागतं आणि ते डॉक्टरनंच द्यायचं असतं. घरात उरलेली माणसांची कॅप्सूल फोडून दुधात घालायची नाही.

डॉक्टरपर्यंत पोचताच येत नसेल तेव्हा काय करायचं, हा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा पाण्याखाली गेला होता. तिथे मांजराचं कोण बघणार? अशा वेळी एवढं करा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड पाच मिनिटं न उचलता दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका. मांजराला टॉवेलात गुंडाळा, जखम तेवढी बाहेर ठेवा. कडेचे केस बोथट टोकाच्या कात्रीनं जपून कापा. उकळून गार केलेल्या अर्धा लीटर पाण्यात एक सपाट चमचा मीठ विरघळवा, किंवा मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची बाटली आणा. सुई काढलेल्या सिरिंजनं धार मारून जखम भरपूर धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, हे धुणंच खरं औषध. त्यावर पोव्हिडोन आयोडीन म्हणजे बेटाडीन, पण सरळ बाटलीतलं नाही, फिकट कोऱ्या चहाचा रंग येईल इतकं पाणी घालून. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्याच्या फेसानं जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मरतात. मग चाटता येऊ नये म्हणून गळ्याभोवती नरसाळ्यासारखी कॉलर. ती विकत मिळते, नाहीतर जुन्या प्लास्टिक फाईलची होते, कडेला कापड चिकटवा म्हणजे मानेला कापणार नाही. रोज दोनदा धुवा, बोका घराबाहेर सोडू नका.

दिवसभर काही खाल्लं नाही, सूज वाढली, वास आला, जखमेतून मांस किंवा हाड दिसलं, डोळ्याजवळ किंवा सांध्यावर लागलं, गुदद्वारातून मोजलेला ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, की घरगुती उपचार संपले. तोंड उघडून श्वास घेत असेल तर क्षणही थांबू नका. आणि ‘डॉक्टर नाही’ म्हणण्याआधी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे फक्त गाई-म्हशी बघतात असा समज आहे. श्रेणी एकच्या दवाखान्यातला पशुधन विकास अधिकारी पदवीधर पशुवैद्य असतो आणि मांजर त्याच्याही अभ्यासात असतं. रस्ता बंद असेल तर त्याला जखमेचा फोटो पाठवा, वजन सांगा, फोनवर विचारून घ्या. मावशीनं शेवटी हेच केलं.

आता सातवा. मांजराला रेबीज होतो. पिसाळलेला कुत्रा चावलेलं मांजर पिसाळतं आणि त्याच्या चाव्यातून माणसाला रेबीज होतो. जखमी मांजर घरी आलं तर ती जखम कुणी केली हे आपण पाहिलेलं नसतं. एरवी गरीब असलेलं मांजर दुखऱ्या जागी हात लागला की चावतं, आणि ते पंजे चाटत असल्यामुळे ओरखडाही सोडून देण्यासारखा नसतो. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर जवळजवळ नेहमी वाचतो. एवढं स्पष्ट असताना ‘घाबरू नका’ असं लिहून हजारो लोकांना पाठवणाऱ्याचा मला संताप येतो.

मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. चुना, मिरचीपूड, हळद काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, कोल्हापुरात सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात). कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. चावा खोल असेल तर जखमेत द्यायचं सीरम लागतं का, हे तिथेच विचारा. मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवा. पण दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, असं करू नका. पहिला डोस आधी घ्यायचा. मांजर ठणठणीत राहिलं तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. आणि मांजराची जखम भरली की त्यालाही रेबीजची लस टोचून घ्या, दर वर्षी.